मोटर घेण्यापूर्वी ओढ मोजा

शेतमालाच्या वाहतुकीचा विषय निघाला की ट्रक, ट्रॅक्टर आणि डांबरी सडका डोळ्यांपुढे येतात. शेतकऱ्याची रोजची अडचण मात्र याहून लहान असते. वेचणीची दोन गाठोडी वावरातून घरी आणावयाची, खताची दोन पोती आणि फवारणीचे पाणी वावरात न्यावयाचे, दुधाची कॅन सडकेपर्यंत पोचवावयाची, एवढेच काम असते. त्यासाठी ट्रॅक्टर जोडणे परवडत नाही आणि बैलजोडी आता प्रत्येकाच्या दारी राहिलेली नाही. यास्तव विजेवर चालणाऱ्या हलक्या तीनचाकी गाड्या व मोटर जोडलेल्या सायकली यांजकडे यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे लक्ष वळू लागले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि अशा गाडीची सारी मदार जिच्यावर असते ती मोटर निवडताना बहुधा एकच आकडा पाहिला जातो, तो म्हणजे पाटीवर लिहिलेले वॅट. माझ्या मते हा आकडा एकटा पाहणे म्हणजे बैलाची केवळ उंची पाहून त्याची किंमत ठरविण्यासारखे आहे.

माझ्या हातून झालेली चूक

हे मत मला पुस्तकातून मिळालेले नाही. पुसदच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने हलकी मालगाडी घेण्यापूर्वी माझा सल्ला विचारला. गाडीच्या मागच्या चाकातच मोटर बसविलेली होती; तिच्यावर १५०० वॅट असे छापलेले होते आणि सपाट सडकेवर ती ताशी ४५ किलोमीटर धावते असे विक्रेता सांगत होता. दोन अश्वशक्तींची मोटर तीनशे किलोंची गाडी सहज ओढील, असा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि ‘पुरेल’ असे सांगून मोकळा झालो. त्याचे वावर टेकडीच्या पलीकडे आहे, हे मला ठाऊक होते. पण पांदण पाहण्याचे कष्ट मी घेतले नाहीत.

पहिल्या वेचणीच्या दिवसांतच ती मोटर चढावर जळाली. विक्रेत्याने ‘भार जास्त घातला’ असे म्हणून हात वर केले. गाडीचे हप्ते चालू राहिले आणि कापूस भाड्याच्या बंडीतून घरी आला. त्या शेतकऱ्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, म्हणूनच ती गोष्ट मला अधिक लागली. पुढे आम्ही दोघांनी मिळून जे मोजमाप केले ते आधी केले असते, तर ही हानी टळली असती. तेच मोजमाप शेतकरी बंधूंपुढे ठेवावे, हा या लेखाचा हेतू आहे.

कापूस मोजण्याचा काटा येथेही चालतो

वेचणीची मजुरी किलोवर देण्याची रीत आपल्याकडे आहे. त्यासाठी लागणारा लटकता काटा गावोगाव असतो. गाडीची ओढ मोजण्यास याहून वेगळे साधन लागत नाही. गाडीत नेहमीचा माल भरावा, चालविणाऱ्याने आपल्या जागी बसावे, गाडी मोकळी सोडून तिच्या पुढच्या भागाला काट्याचे एक टोक बांधावे व दुसऱ्या टोकाला दोर लावून दोघा-तिघांनी ती सावकाश, एका चालीने ओढावी. गाडी हलण्याच्या क्षणी काटा एकदम वर जातो, तो आकडा धरू नये. चालत्या गाडीचा आकडा धरावा. जुन्या काळी मोटेच्या दोरावर जसा भार येई, तसाच भार गाडी ओढताना दोरावर येतो. काटा तोच दाखवितो.

त्या शेतकऱ्याची गाडी, बॅटरी, माणूस आणि माल मिळून सुमारे ३०० किलो वजन होते. डांबरी सडकेवर ओढ साडेचार किलोंच्या आसपास आली. कोरड्या पांदणीत ती १२ किलो झाली. जेथे पांदण वीस फुटांत एक फूट चढते, तेथे काटा २७ किलोंवर गेला. याचे कारण उघड आहे. अशा चढावर एकूण वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे १५ किलो, ओढीत अधिक मिळतो. गाडी नांगरलेल्या मऊ वावरात घातली तर सपाटीवरही वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी ओढ लागते. गाडी तीच, माल तोच. पण वाट बदलली की ओढ सहापट होते.

वाटेचे हे महत्त्व आपल्या जिल्ह्याला नवे नाही. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. लोक तिला ‘शकुंतला’ म्हणत. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. एवढेसे इंजिन कापसाचे डबे ओढू शके, कारण पोलादी रुळावर पोलादी चाकास एका टनामागे अवघी काही किलो ओढ पुरते. खरे कष्ट वावरापासून स्टेशनापर्यंतच्या बंडीलाच पडत. आज ती गाडी धावत नाही. वावरापासून सडकेपर्यंतची वाट मात्र तशीच राहिली आहे. मोटर निवडावयाची ती या वाटेसाठी.

वॅटांत वेग दडलेला असतो

आता वॅटांचा अर्थ पाहू. ओढीचे किलो गुणिले ताशी किलोमीटर गुणिले २.७ केले की चाकाला लागणारे वॅट मिळतात. हे एक सूत्र लक्षात ठेवले तरी पुष्कळ कार्यभाग होतो. डांबरी सडकेवर साडेचार किलो ओढीने ताशी १५ किलोमीटर जाण्यास सुमारे १८० वॅट लागतात. चढावर २७ किलो ओढीने ताशी ५ किलोमीटर जाण्यास ३६५ वॅट लागतात. त्याच चढावर १५ किलोमीटरचा वेग हवा असेल तर १०९० वॅट लागतात.

याच सूत्राने उलट हिशेब केला असता त्या जळालेल्या मोटरीचे कोडे उलगडते. १५०० वॅट ही तिची शक्ती ताशी ४५ किलोमीटर वेगाची होती. १५०० ला ४५ ने आणि २.७ ने भागले तर सुमारे १२ किलो येतात. म्हणजे तिने सतत द्यावयाची ओढ एवढीच होती. वेग कमी झाला म्हणून थेट चाकात बसविलेल्या मोटरीची ओढ आपोआप वाढत नाही. ती वाढवावयाची तर तिच्यात अधिक वीज सोडावी लागते आणि मोटर तापते. १२ किलोंची मोटर २७ किलोंच्या चढाला जुंपली गेली. तिच्या जागी ७५० वॅटची मोटर असती, पण तिला दातेरी चक्रांची जोड देऊन गाडीचा वेग ताशी १५ किलोमीटरला बांधलेला असता, तर चक्रांतील घट वजा जाऊनही १५ किलोंहून अधिक ओढ सतत मिळाली असती. निम्म्या वॅटांची मोटर अधिक ओढती झाली असती, हे ऐकण्यास विचित्र वाटेल. परंतु गणित असेच आहे.

बैलाचे उदाहरण घ्यावे. चांगली जोडी दिवसभर सुमारे एक अश्वशक्तीने काम करते आणि ताशी तीन किलोमीटरांच्या चालीने मोठा भार ओढते. चिखलात चाक रुतले की तीच जोडी क्षणभर दुप्पट-तिप्पट जोर लावते व बाहेर पडल्यावर दम घेते. मोटरही अशीच आहे. नेमून दिलेल्या ओढीच्या दुप्पट ओढ चांगली मोटर काही मिनिटे देऊ शकते. ती तासभर देऊ शकत नाही. म्हणून विक्रेता ‘कमाल’ शक्ती सांगतो की ‘सतत’ शक्ती सांगतो, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

यावरून निवडीचा साधा नियम असा. पांदणीतील नेहमीची ओढ एका बाजूस लिहावी; थोड्या मिनिटांच्या चढाची ओढ निम्मी करून दुसऱ्या बाजूस लिहावी; दोहोंतील मोठा आकडा घ्यावा. आपल्या उदाहरणात १२ आणि साडेतेरा, म्हणून साडेतेरा. त्यास १५ ने व २.७ ने गुणले की सुमारे ५५० वॅट होतात. साखळी अथवा दातेरी चक्रे यांत जाणारी घट धरली की ते ६५० च्या घरात जातात. बाजारातील ७५० वॅटची मोटर येथे पुरेशी आहे. हाच वेग २५ किलोमीटरला बांधला तर १०७० वॅट लागतात आणि हजार वॅटची मोटरही अपुरी पडते. दहा किलोमीटरच्या अधिक वेगाचा मोह असा महाग पडतो. कापसाच्या गाठोड्याला घाई नसते. चढ लांब असेल, पाव तासाहून अधिक वेळ लागत असेल, तर मात्र चढाची ओढ निम्मी करू नये.

जळते ती वीज, मरते ती मोटर

मोटरीच्या तारांतून जाणारी वीज दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. तिप्पट झाली की नऊपट होते. समजा, चाकातील मोटरीच्या वेटोळ्यांचा अवरोध एक दशांश ओहम आहे. चांगल्या वाटेवर ९ किलो ओढीने ताशी १५ किलोमीटर जाताना ती २० अँपिअर घेते. चाकाला ३६५ वॅट मिळतात आणि ४० वॅट तारांत जळतात. शंभरातील नव्वद भाग कामी आले. आता तीच गाडी चढावर २७ किलो ओढीने ताशी ५ किलोमीटर जाते. चाकाला मिळणारे वॅट तेच, ३६५. पण वीज ६० अँपिअर लागते आणि उष्णता ३६० वॅट होते. निम्मी वीज कामी आली, निम्मीने मोटर भाजली. पाटीवर छापलेली ‘नव्वद टक्के कार्यक्षमता’ खोटी नसते; ती सडकेची असते, पांदणीची नसते.

आपल्याकडे याला ऊन जोडले जाते. शेणखत वावरात टाकण्याचे दिवस म्हणजे एप्रिल-मे, आणि त्याच दिवसांत वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. तापल्या तांब्याचा अवरोध वाढतो, म्हणून उष्णता आणखी वाढते. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांपलीकडे आपला जोर कायमचा गमावू लागतात. वेटोळ्यांवरील वेष्टनाचे वर्ग ठरलेले आहेत : ‘बी’ वर्ग १३० अंश, ‘एफ’ वर्ग १५५ अंश, ‘एच’ वर्ग १८० अंश सोसतो. आपल्या जिल्ह्यासाठी ‘एफ’हून कमी वर्ग घेऊ नये आणि मोटर विशिष्ट उष्णतेला आपोआप बंद पडण्याची सोय असावी, असे मला वाटते.

कोणत्या जातीची मोटर?

फवारणीच्या चार्जिंगच्या पंपात जी लहान मोटर असते, तिची कार्बनची ब्रशे झिजतात हा अनुभव अनेकांना आहे. गाडीसाठीही अशी ब्रशची मोटर मिळते. ती स्वस्त असते, तिचा कंट्रोलर साधा असतो आणि तालुक्याच्या ठिकाणचा मिस्त्री ती दुरुस्त करू शकतो. योग्य भारावर ती ७० ते ८० टक्के कार्यक्षमता देते. मात्र काळ्या मातीची धूळ तिला मानवत नाही व ब्रशे बदलावी लागतात.

ब्रशविरहित मोटर ८० ते ९० टक्क्यांपर्यंत कार्यक्षमता देते आणि तिच्यात झिजणारे भाग थोडे असतात. दोष असा की तिचा कंट्रोलर गुंतागुंतीचा असतो आणि तो बिघडल्यास बहुधा नवाच घ्यावा लागतो. ही मोटर चाकातही बसविता येते आणि दातेरी चक्रांसह मागच्या आसावर अथवा साखळीनेही जोडता येते. सपाट सडकेने दूध नेणाऱ्यास चाकातील मोटर उत्तम; तिला ना साखळी, ना वंगण. पांदण, चढ आणि नाला ओलांडणाऱ्या शेतकऱ्याने मात्र दातेरी चक्रांची जोड असलेली ब्रशविरहित मोटरच घ्यावी. चक्रांना वंगण लागते, ती आवाज करतात, हे आक्षेप खरे आहेत. पण वंगणाचा खर्च जळालेल्या मोटरीच्या खर्चापुढे काहीच नाही.

विहिरीवरील पंपाची जुनी मोटर गाडीला बसवता येईल का, असा प्रश्न पुष्कळदा येतो. तसे करू नये. तिला तीन फेजांची ४१५ व्होल्टची वीज लागते, बॅटरी ४८ व्होल्टची एकमार्गी वीज देते. आणि त्या मोटरीचे वजनच हलक्या गाडीला जड होते.

मोटर व कंट्रोलर धूळ आणि पाणी यांपासून सुरक्षित आहेत का, तेही पाहावे. ‘आय. पी. ६७’ अशी खूण असल्यास धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही पाणी शिरत नाही. पावसाळ्यात नाल्यातून जाणाऱ्याने ही खूण अवश्य मागावी.

स्वस्त कशास म्हणावे

किमतीचा विचार करताना केवळ मोटरीची किंमत पाहू नये. अशा गाडीत बहुधा सर्वांत महाग वस्तू बॅटरी असते आणि किती मोठी बॅटरी लागेल हे मोटरीवर ठरते. भरल्या गाडीने दहा किलोमीटर सडक, चार किलोमीटर पांदण आणि एक किलोमीटर चढ असा दिवसाचा प्रवास धरला, तर वरच्या ओढींवरून चाकाला सुमारे ३२५ वॅट-तास लागतात. मोटर व तिची जोड मिळून ८० टक्के कार्यक्षम असतील तर बॅटरीतून सुमारे ४०५ वॅट-तास जातील. ६० टक्के असतील तर ५४०. विजेच्या बिलात हा फरक आठवड्याला एका युनिटाइतकाच. त्याची चिंता नको. परंतु त्याच प्रवासासाठी बॅटरी एक तृतीयांशाने मोठी घ्यावी लागते, तिचे वजन रोज वाहावे लागते आणि काही वर्षांनी तेवढीच मोठी बॅटरी पुन्हा विकत घ्यावी लागते. मोटरीत वाचविलेले थोडे पैसे असे बॅटरीत अनेक पटींनी जातात.

याहूनही स्वस्त उपाय म्हणजे गाडी हलकी करणे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकल-रिक्षा सुधारण्याचे काम केले व २००२ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात ते मांडले. त्यांनी तीन गाड्या पुढे ठेवल्या : गिअर बसविलेली सुधारित पायरिक्षा, पायाला मोटरीची मदत देणारी रिक्षा आणि संपूर्णपणे बॅटरीवर चालणारी रिक्षा. यांतील क्रम मला बोधप्रद वाटतो. आधी गाडीचा सांगाडा आणि गिअर सुधारा, मग मोटर लावा. ज्याचा भार तीस किलोंचा आहे त्याला तीनचाकीची गरजही नाही. सायकल, माणूस व माल मिळून ११५ किलो वजन कोरड्या पांदणीच्या त्याच चढावर साडेदहा किलोंच्या आतच ओढ मागते. ताशी ८ किलोमीटर वेगाने तेथे सुमारे २२५ वॅट लागतात. गिअर असलेली २५० वॅटची मोटर आणि पायडलची साथ यांत हे काम होते.

या ठिकाणी कायद्याचा उल्लेख आवश्यक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ज्या गाडीच्या मोटरीची अर्ध्या तासाची शक्ती २५० वॅटहून कमी, वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंपर्यंत आहे, ती संमत नमुन्याची असल्यास मोटार वाहन गणली जात नाही. याहून मोठ्या गाडीची सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदणी करावी लागते. मालवाहू तीनचाकी ई-गाडीस २०१५ च्या दुरुस्तीने ४००० वॅटची मर्यादा घातली आहे. घरी मोटर जोडून तयार केलेली गाडी सडकेवर आणण्यापूर्वी याची चौकशी अवश्य करावी.

विक्रेत्यास विचारावयाचे प्रश्न

खरेदीच्या वेळी पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

१. मोटरीची सतत शक्ती किती वॅट आणि ती कोणत्या वेगाची?
२. भरल्या गाडीने ही मोटर सतत किती किलो ओढ देईल व चढावर किती मिनिटे दुप्पट ओढ देईल?
३. ताशी ५ किलोमीटर वेगाने चढताना कार्यक्षमता किती राहते?
४. वेष्टनाचा वर्ग कोणता? अतितापाने बंद पडण्याची सोय आहे काय?
५. कंट्रोलर जास्तीत जास्त किती अँपिअर सोडतो व ती मर्यादा कमी करता येते काय?
६. कंट्रोलर, ब्रशे, दातेरी चक्रे तालुक्याच्या ठिकाणी मिळतात काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्याकडून मोटर घेऊ नये. विक्रेत्यांनीही वॅटांच्या शेजारी ओढीचा आकडा ठळक छापावा. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते. मग मोटरीवर ओढ का नसावी? आणि शेतकरी गटांनी एकत्र येऊन खरेदीपूर्वी एक गाडी आपल्याच पांदणीत, आपल्याच मालासह, दुपारच्या उन्हात चालवून पाहण्याची अट घालावी. एकट्या शेतकऱ्याला विक्रेता नाही म्हणेल. दहा जणांच्या गटाला तो बहुधा नाही म्हणणार नाही.

शेवटी एक गोष्ट माझ्यासारख्या अधिकाऱ्यांना सांगावयाची आहे. नव्या यंत्राविषयी आपला सल्ला विचारला जातो, तेव्हा माहितीपत्रक वाचून उत्तर देणे सोपे असते. पण हप्ते शेतकऱ्याला भरावे लागतात. ज्या शेतकऱ्याला मी ‘पुरेल’ म्हणालो होतो, त्याने पुढे काट्याने मोजलेल्या ओढीवरून दातेरी चक्रांची, मंद चालीची, जुन्या मोटरीच्या निम्म्या वॅटांची मोटर बसविली. त्याची गाडी चढावर माणसाच्या चालीने जाते. पण ती वर पोचते. आता कोणी मला मोटरीविषयी विचारले तर मी प्रथम काटा मागवितो आणि त्याच्याबरोबर पांदणीत जातो. शेतकरी बंधूंनीही तसेच करावे. काटा घरात आहे, वाट दारात आहे; एक सकाळ त्यासाठी द्यावी आणि मगच पैशाला हात घालावा.